आधी पुरवणी मागण्यांची पुस्तिका उघडा

पहिल्यांदाच निवडून आलेल्या एका आमदारांच्या कार्यालयात काम करणाऱ्या तरुण सहकाऱ्यांनी विचारलं आहे : आज राज्याच्या विधिमंडळापुढचे सगळ्यांत मोठे धोरणात्मक प्रश्न कोणते, आणि पहिल्या दोन अधिवेशनांत नेमका कशाला हात घालावा? शेती, पाणी, आरक्षण, नोकऱ्या, शहरं अशी यादी त्यांनीच दिली आहे आणि यातलं पहिलं कोणतं, असा त्यांचा प्रश्न आहे.

माझ्या नोकरीची बहुतेक वर्षं विधिमंडळाचं कामकाज आणि अर्थसंकल्पाचे कागद यांतच गेली. आता नव्या सदस्यांना आणि त्यांच्या सहायकांना ते कागद वाचायला शिकवतो. तुमच्या यादीतला एकही विषय कमी महत्त्वाचा नाही. पण त्या सगळ्यांच्या आधी एक प्रश्न उभा आहे आणि त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय बाकीचे सुटणार नाहीत. सरकार लोकांना जी हमी देतं तिचा पैसा कुठून येणार, आणि तो दरवर्षी येत राहील का, हे सभागृह स्वतः बसून तपासतं का? महाराष्ट्राच्या विधिमंडळाने हे एकेकाळी फार उत्तम केलं आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

१९७२ च्या दुष्काळात रोजगार हमी योजना राज्यभर पोहोचली. तिच्यामागची कल्पना वि. स. पागे यांची. ते तेव्हा विधान परिषदेचे सभापती होते. १९७७ मध्ये विधिमंडळाने तिचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. काम मागणाऱ्याला पंधरा दिवसांत काम द्यायचं, नाही दिलं तर बेरोजगार भत्ता द्यायचा, असा हक्क त्यात लिहिला गेला. मला यापेक्षाही मोठी वाटते ती दुसरी गोष्ट. या हमीसाठी सभागृहाने लोकांवर कर बसवला. १९७५ चा व्यवसाय कर त्यासाठीच आला. जोडीला बागायती जमीन, मोटार वाहनं, विक्रीकर यांवर अधिभार लागले, आणि या करांतून जेवढे येतील तेवढेच पैसे सरकारने आपल्याकडून घालायचे, असं ठरलं. आजही पगाराच्या पावतीवर दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापलेले दिसतात, ते मुळात खेड्यातल्या मजुराच्या कामासाठी होते. शहरातल्या नोकरदाराने गावातल्या भूमिहीनाची जबाबदारी घ्यायची, हे आमदारांनी मत देऊन ठरवलं आणि त्याचा वाईटपणाही स्वतःकडे घेतला. एवढंच करून ते थांबले नाहीत. योजनेवर नजर ठेवायला विधिमंडळाची स्वतंत्र रोजगार हमी योजना समिती नेमली. ती आजही आहे.

हक्क, त्याचा पैसा आणि त्याच्यावर देखरेख ठेवणारी समिती. आजच्या कुठल्याही धोरणाला मी हे तीन प्रश्न लावून बघतो, आणि तुम्हीही लावा.

आता अलीकडचे आकडे. २०२५-२६ चा अर्थसंकल्प सुमारे ७ लाख कोटींचा. महसुली जमा सुमारे ५ लाख ६१ हजार कोटी, महसुली खर्च सुमारे ६ लाख ७ हजार कोटी. म्हणजे रोजच्या खर्चातच जवळपास ४६ हजार कोटींची तूट. राजकोषीय तूट, म्हणजे कर्ज काढून भागवायचा खर्च, १ लाख ३६ हजार कोटी, आणि वर्षअखेरीचं अंदाजित कर्ज ९ लाख ३२ हजार कोटी. राज्याचं स्थूल उत्पन्न मोठं आहे, त्यामुळे २००५ च्या राजकोषीय उत्तरदायित्व कायद्याच्या तीन टक्क्यांच्या मर्यादेत हे बसतं, असं उत्तर सभागृहात मिळतं. ते खोटं नाही. पण पगार, निवृत्तिवेतन आणि व्याज यांतच महसुली जमेचा निम्म्याहून अधिक भाग जातो. उरलेल्यात शाळा, दवाखाने, धरणं, रस्ते, पीकविमा, वीज सवलत आणि सगळ्या नव्या योजना. आमदाराच्या हाती खरोखर ठरवायला म्हणून जे राहतं ते एवढंच, आणि त्यावरची चर्चा सगळ्यांत थोडी होते.

लोक अर्थसंकल्प टीव्हीवर बघतात. खरा बदल पुरवणी मागण्यांत होतो. २८ जून २०२४ रोजी अतिरिक्त अर्थसंकल्प मांडला गेला आणि ९ जुलैला ९४,८८९ कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या. दोन आठवडेही झाले नव्हते. घटनेच्या २०५ व्या अनुच्छेदाप्रमाणे पुरवणी मागणी ही मूळ तरतूद अपुरी पडली किंवा वर्षाच्या मध्ये नवी गरज उभी राहिली, तर असते. अकरा दिवसांत अपुरी पडणारी तरतूद अर्थसंकल्पात का नव्हती, हा त्या अधिवेशनातला सगळ्यांत मोठा धोरणात्मक प्रश्न होता. त्याला मिळालेला वेळ आणि त्याच आठवड्यात इतर गोंधळात गेलेला वेळ तुम्ही कामकाजाच्या नोंदींत शेजारी शेजारी ठेवून बघा.

ही पुस्तिका कशी वाचायची ते सांगतो, कारण शिकायला अर्धा दिवस पुरतो आणि मग आयुष्यभर उपयोगी पडतं. प्रत्येक खात्याला अक्षर असतं : कृषीचं डी, सार्वजनिक बांधकामचं एच. अक्षरापुढे आकडा आला की झाला मागणी क्रमांक. त्याखाली लेखाशीर्ष, म्हणजे खर्च कोणत्या बाबीवरचा ते सांगणारं शीर्षक, मग रक्कम, आणि शेवटी दोन-चार ओळींचं स्पष्टीकरण. नवखा माणूस रक्कम बघतो. तुम्ही आधी स्पष्टीकरण वाचा. ‘खर्च भागवण्यासाठी अतिरिक्त निधीची आवश्यकता आहे’ एवढंच लिहिलं असेल, तर त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ ओढा. मग मूळ अर्थसंकल्पात त्याच लेखाशीर्षाखाली किती होतं ते काढा. मूळ तरतूद शंभर आणि पुरवणी तीनशे असेल, तर तो खर्च मार्चमध्येच ठाऊक होता, मांडला मात्र नव्हता. मग हजार रुपयांच्या लाक्षणिक मागण्या शोधा. रक्कम नगण्य दिसते म्हणून कुणी थांबत नाही, पण त्या हजार रुपयांनी नवीन लेखाशीर्ष उघडतं किंवा दुसरीकडचा पैसा वळवायला सभागृहाची संमती मिळते. शेवटी ढोबळ आणि निव्वळ यांतला फरक. २०२५ च्या पावसाळी अधिवेशनातल्या पुरवणी मागण्या ५७,५०९ कोटींच्या होत्या, पण तिजोरीवरचा निव्वळ भार ४०,६४४ कोटी सांगितला गेला. मधली रक्कम केंद्राकडून येणारी किंवा पुस्तकी समायोजनाची. भाषणात ढोबळ आकडा फेकला की अर्थमंत्री एका वाक्यात निव्वळ आकडा सांगून बसवतात, आणि नव्या सदस्याचा धीर तिथेच खचतो. निव्वळ आकड्यावर बोला.

लाडकी बहीण योजनेबद्दल मला नेहमी विचारलं जातं आणि समोरचा आधी अंदाज घेत असतो की हा कोणत्या बाजूचा. ज्या घरात बाईच्या नावाने कधी खातंच नव्हतं तिथे दरमहा १,५०० रुपये थेट तिच्या खात्यावर येणं ही मोठी गोष्ट आहे आणि मी तिच्या बाजूचा आहे. म्हणूनच माझी तक्रार जास्त गंभीर आहे. ही योजना शासन निर्णयाने आली, कायद्याने आलेली नाही. तिच्यासाठी कोणताही स्वतंत्र कर नाही की स्वतंत्र निधी नाही. वर्षाला ४६ हजार कोटींचा अंदाज सांगून ती सुरू झाली, २०२५-२६ साठी ३६ हजार कोटींची तरतूद झाली. जुलै २०२५ मध्ये सरकारनेच सांगितलं की, २६ लाखांवर लाभार्थ्यांचे पैसे थांबवले आहेत. त्यांतले काही अपात्रच होते, पुरुषही सापडले. पण जी पात्र बाई चुकून वगळली गेली तिने कुठे जायचं? रोजगार हमीच्या मजुराला कायद्याने दिलेला आधार तिला नाही. आणि पैसा आणायचा कुठून, याचं उत्तर मे २०२५ मध्ये दिसलं. सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास या दोन खात्यांचे मिळून साडेसातशे कोटींच्या आसपास या योजनेकडे वळवले गेले आणि सामाजिक न्याय खात्याच्या मंत्र्यांनीच जाहीर नाराजी बोलून दाखवली. आश्रमशाळेतल्या मुलीच्या तरतुदीतून तिच्या आईला हप्ता द्यायचा, हे धोरण कोणत्याही पक्षाच्या आमदाराने मान्य करू नये. योजना टिकवायची असेल तर तिचा कायदा करा आणि तिच्यापुरता उत्पन्नाचा स्रोत बांधून द्या. पागेंच्या काळातल्या सभागृहाला ते जमलं, तर आजच्याला न जमण्यासारखं काय आहे?

इथे एक खरी अडचण आहे आणि ती मान्य केली पाहिजे. १९७५ मध्ये राज्याच्या हातात जेवढे कर होते तेवढे आज नाहीत. १ जुलै २०१७ पासून विक्रीकर, जकात, प्रवेश कर, करमणूक कर जवळपास सगळे जीएसटीत गेले. पाच वर्षं चौदा टक्के वाढीच्या हमीने केंद्राने भरपाई दिली, ती जून २०२२ मध्ये संपली. आता दर ठरतात जीएसटी परिषदेत. तिथे महाराष्ट्राचं मत आणि एखाद्या छोट्या राज्याचं मत यांचं वजन सारखंच. सप्टेंबर २०२५ मध्ये दर बदलले तेव्हा त्याचा आपल्या जमेवर काय परिणाम होईल याची चर्चा सभागृहात आधी व्हायला हवी होती. प्रत्यक्षात आपला मंत्री परिषदेत जाऊन येतो आणि दुरुस्ती विधेयक नंतर येतं. राज्याकडे उरलं काय, तर पेट्रोल-डिझेलवरचा व्हॅट, दारूवरचं उत्पादन शुल्क, मुद्रांक शुल्क, वाहन कर, वीज शुल्क आणि तो व्यवसाय कर. व्यवसाय कराला तर घटनेनेच वर्षाला २,५०० रुपयांची मर्यादा घातली आहे, १९८८ पासून ती हललेली नाही. दारू आणि घरखरेदी यांवर राज्याचा गाडा किती काळ ओढायचा, हा प्रश्न अजून कुणी सभागृहात नीट मांडलेला मी ऐकला नाही. तुमच्या आमदारांनी मांडावा.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने मनरेगाच्या जागी नवा कायदा केला. त्यात कामाचे दिवस १२५ झाले आणि खर्चाचा भार बहुतेक राज्यांसाठी ६०:४० असा वाटला गेला. आधी अकुशल मजुरीचा भार केंद्रावर होता. आता चाळीस टक्के महाराष्ट्राने उचलायचे आहेत. ज्या राज्याने ही कल्पना देशाला दिली त्याच्या विधिमंडळात यावर निदान एक पूर्ण दिवस चर्चा झाली पाहिजे. आपला १९७७ चा कायदा, त्याचा निधी आणि हा नवा हिस्सा यांची सांगड कशी घालायची ते आपणच ठरवायचं आहे.

पाणी आणि वीज हे विषय मी एकत्र घेतो, सभागृहात ते वेगवेगळे येतात म्हणूनच घेतो. एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत वीज आहे, मार्च २०२९ पर्यंत. सुमारे ४४ लाख शेतकरी, वर्षाला सुमारे १४,७६० कोटी. वीजबिलाच्या थकबाकीत बुडालेल्या शेतकऱ्याला दिलासा हवाच होता, त्याबद्दल माझा आक्षेप नाही. पण वीज फुकट झाली की पंप किती तास चालवायचा हे बिल ठरवत नाही, फीडरचं वेळापत्रक ठरवतं, आणि विहिरीचं पाणी खाली जात राहतं. भूजलाचा कायदा आपल्याकडे आहे. विधिमंडळाने तो २००९ मध्ये केला, अंमल सुरू व्हायला २०१४ उजाडलं, नियमांचा मसुदा आला २०१८ मध्ये. याच दरम्यान, एप्रिल २०१६ मध्ये, मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी न्यावं लागलं. भूजल पाणीपुरवठा खात्याकडे, धरणं जलसंपदेकडे, बंधारे मृद व जलसंधारणाकडे, पंपाची वीज ऊर्जेकडे. चार खाती, चार मागण्या, चार वेगळ्या चर्चा. शेतकऱ्याच्या बांधावर मात्र हे सगळं एकच असतं.

त्याच शेतकऱ्याच्या वतीने दर दोन-तीन वर्षांनी नाशिक-नगर विरुद्ध मराठवाडा असा वाद पेटतो. १५ ऑक्टोबरला जायकवाडीत पासष्ट टक्क्यांपेक्षा कमी साठा असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं, हे सूत्र २०१४ मध्ये ठरलं. त्याला पाया २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याचा. तो कायदा आमदारांनीच केला, आणि पाणी सोडायची वेळ आली की त्याच्या विरोधात उभे राहणारेही आमदारच असतात. आपापल्या मतदारसंघासाठी भांडणं हे त्यांचं काम आहे, मी ते कमी लेखत नाही. पण समन्यायी वाटप ही तुटवड्याच्या वर्षी पाळायची गोष्ट आहे. पाऊस भरपूर असेल तेव्हा ती पाळायला कुणालाच जड जात नाही. उसाला पाणी किती, किती टक्के क्षेत्र ठिबकवर, हे खोऱ्यानुसार आकडे मागणारा सदस्य मला वर्षातून एखादाच भेटतो.

सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीने उलटी बाजू दाखवली. मराठवाड्यात जमिनी खरवडून गेल्या, ऑक्टोबरमध्ये ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर झालं. पुढे कर्जमाफीची मागणी आलीच. २०१७ ची एक कर्जमाफी, २०१९ ची दुसरी, आणि आता तिसरी. संकट दर दोन वर्षांनी येत असेल तर त्याची तरतूद अर्थसंकल्पात का नाही, हे विचारा.

आरक्षणाबद्दल जपून बोलायला हवं, कारण त्यामागची वेदना खरी आहे. तुकड्यांत वाटली गेलेली शेती, खासगी महाविद्यालयांचं शुल्क, सरकारी भरती रखडलेली. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९२ च्या निकालाने पन्नास टक्क्यांची मर्यादा घातली. मराठा आरक्षणाचा २०१८ चा सोळा टक्क्यांचा कायदा उच्च न्यायालयात कमी टक्क्यांवर टिकला आणि ५ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयात रद्द झाला. मग २० फेब्रुवारी २०२४ ला एका दिवसाच्या विशेष अधिवेशनात दहा टक्क्यांचा कायदा एकमताने मंजूर झाला. एकमत हे राजकीय ताकदीचं लक्षण आहे. कायदा न्यायालयात उभा राहतो तो मात्र आकडेवारीवर आणि सभागृहात झालेल्या चिकित्सेवर. अहवाल सदस्यांच्या हाती किती आधी पडला, त्यावर कुणी किती प्रश्न विचारले, याची नोंद पुढे वकिलांना लागते. आणि आरक्षणाबाहेरची जी मोठी बाजू आहे, म्हणजे रिक्त पदं, अनुदानित शाळा, शुल्क, वसतिगृहं, ती तर पूर्णपणे राज्याच्या हातात आहे. तिला न्यायालयाची आडकाठी नाही.

राज्याच्या हातात काय आहे आणि काय नाही, हे शक्ती विधेयकाने शिकवलं. महिलांवरील अत्याचारांसाठी कठोर शिक्षांचं ते विधेयक संयुक्त समितीतून जाऊन डिसेंबर २०२१ मध्ये दोन्ही सभागृहांत मंजूर झालं, पण फौजदारी कायदा समवर्ती सूचीत असल्याने राष्ट्रपतींची संमती हवी होती. ती मिळाली नाही. केंद्रीय कायद्याला छेद देणारं विधेयक करताना ही वाट आधीच चाचपायला हवी, आणि जोडीला पोलीस ठाण्यांतली मनुष्यबळाची आणि न्यायवैद्यक प्रयोगशाळांची स्थिती सुधारायला हवी. त्याला तर कुणाचीच संमती लागत नाही.

शहरांबद्दल थोडक्यात. २०११ च्या जनगणनेत राज्याची पंचेचाळीस टक्के लोकसंख्या शहरी होती. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि मतदान झालं जानेवारी २०२६ मध्ये. ओबीसी आरक्षणाच्या तिढ्यापासून प्रभागरचनेपर्यंत कारणं अनेक, पण मुदत संपण्याआधी निवडणूक घ्या असं घटना स्पष्ट सांगते. या काळात विधानसभेत काय झालं ते मी जवळून पाहिलं. नगरसेवक नाही म्हणून लोक गटार आणि पाण्याची लाइन घेऊन आमदाराकडे जायला लागले, आणि तेच प्रश्न लक्षवेधीत, म्हणजे तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणाऱ्या सूचनांत, आले. सभागृह राज्याच्या प्रश्नांसाठी असतं. तिथे प्रभागातल्या नालेसफाईवर मंत्री उत्तर देत होते. आता निवडून आलेले लोक बसले आहेत, तर जीएसटीच्या बदल्यात महापालिकांना मिळणाऱ्या नुकसानभरपाईपलीकडे त्यांना स्वतःचं उत्पन्न कसं द्यायचं, यावर विधिमंडळाने बोललं पाहिजे.

हे सगळं तपासायचं कुठे आणि कधी, हा खरा अडसर आहे. अर्थसंकल्पी अधिवेशनात काही खात्यांच्या मागण्यांवर चर्चा होते, उरलेल्या शेवटच्या दिवशी चर्चेविना मंजूर होतात. कॅगचे, म्हणजे महालेखापरीक्षकांचे, अहवाल बहुतेक वेळा अधिवेशनाच्या अखेरच्या दिवशी पटलावर येतात. डिसेंबर २०२५ चं नागपूर अधिवेशन आठवडाभराचं होतं, त्यात ७५ हजार कोटींच्या पुरवणी मागण्या होत्या आणि दोन्ही सभागृहांत विरोधी पक्षनेता नव्हता. १९५३ च्या नागपूर कराराने विदर्भाला दिलेला शब्द एका आठवड्यात कसा पाळला जाणार? विदर्भाचा सिंचन अनुशेष हा एकच विषय आठवडा खाईल.

यावरचा उपाय नवा नाही. केरळच्या विधानसभेत १९८० पासून विषयवार समित्या आहेत. अर्थसंकल्पातल्या मागण्या आधी त्या समित्यांकडे जातात, सचिव येऊन उत्तरं देतात, मग सभागृह मतदान करतं. संसदेत १९९३ पासून अशा समित्या आहेत. आपल्याकडे लोकलेखा आणि अंदाज समिती चांगलं काम करू शकतात, पण लोकलेखा समिती बघते ती झालेल्या खर्चाकडे, काही वर्षांनी. खर्चाआधी बघणारी समिती हवी. समितीत माणसं वेगळी वागतात हे मी कितीदा पाहिलं आहे. कॅमेरा नसतो, पक्षाची घोषणा नसते. जनसुरक्षा विधेयकाचंच घ्या. त्याला माझे काही आक्षेप आजही आहेत, पण संयुक्त समितीकडे बारा हजारांवर सूचना आल्या आणि जुलै २०२५ मध्ये मंजूर झालेला मसुदा मूळ मसुद्यापेक्षा वेगळा होता. घाईत त्याच दिवशी मंजूर केला असता तर तेवढाही बदल झाला नसता.

रोजगार हमी समितीच्या एका दौऱ्यात मी सोबत होतो. मराठवाड्यातल्या एका तालुक्यात पाझर तलावाचं काम होतं. अधिकाऱ्यांनी हारतुरे आणि चहा तयार ठेवला होता. समितीतल्या एका ज्येष्ठ बाई सदस्यांनी चहा बाजूला ठेवला आणि हजेरीपट मागितला. मग मोजमाप पुस्तिका मागितली. हजेरीपटावर जेवढी माणसं होती त्यांनी पुस्तिकेत नोंदवलेली माती एका आठवड्यात खणली असेल का, एवढंच त्यांनी शांतपणे विचारलं. कनिष्ठ अभियंत्याला उत्तर देता येईना. मग त्या बांधावर बसलेल्या मजूर बायांकडे गेल्या. “ताई, हप्ता किती आठवड्यांनी मिळतो?” असं विचारलं, आणि पुढचा अर्धा तास फक्त ऐकत राहिल्या. त्या तालुक्यातली थकलेली मजुरी त्या महिन्यात निघाली. त्या बाईंनी सभागृहात गाजलेलं एकही भाषण केलं नव्हतं.

तर तुमच्या आमदारांच्या पहिल्या दोन अधिवेशनांबद्दल. सगळ्या विषयांवर बोलायला जाऊ नका. एक खातं निवडा, शक्यतो मतदारसंघाशी जवळचं. त्या खात्याची गेल्या तीन वर्षांची मूळ तरतूद, पुरवणी आणि प्रत्यक्ष खर्च एका कागदावर मांडा. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात किती पैसा बाहेर पडला ते वेगळं काढा. त्यावर कपात सूचना, म्हणजे मागणीची रक्कम कमी करण्याचा प्रस्ताव, द्या, नुसती ‘धोरणाचा निषेध’ अशी नको, लेखाशीर्ष लिहून द्या. तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न, अधिवेशनाच्या बऱ्याच आधी द्यावा लागतो, तेव्हा बाकीची तयारी आत्ताच सुरू करा. लक्षवेधी एखाद्या वेळीच, आणि उत्तर ‘तपासून कार्यवाही करू’ असं आलं तर ते आश्वासन समितीकडे नोंदवलं गेलं का, याचा महिनाभराने पाठपुरावा करा. हा पाठपुरावा जवळजवळ कुणीच करत नाही.

समिती मिळेल ती घ्या. पंचायत राज समिती आणि रोजगार हमी समिती यांत दौरे जास्त असतात, नवे सदस्य कंटाळतात. तुमच्या आमदारांना सांगा की शिकायला याहून चांगली जागा नाही. आमदार निधीच्या वर्षाला पाच कोटींच्या कामांत कार्यालयाचा निम्मा वेळ जातो हे मला माहीत आहे. तो वेळ जाणारच. पण सात लाख कोटींच्या कागदांना आठवड्यातला एक अख्खा दिवस द्या. विधानभवनातलं ग्रंथालय आणि तिथले कर्मचारी मागितलेली माहिती मनापासून शोधून देतात, त्यांच्याकडे जाऊन बसा.

आणि पुढच्या अधिवेशनात एखादी नवी योजना जाहीर झाली, तर तुमचे आमदार सत्ताधारी बाकांवर असोत की विरोधी, त्यांनी तिच्यासाठीचं वित्तीय ज्ञापन मागावं : पहिल्या वर्षाचा खर्च, पाचव्या वर्षाचा खर्च, आणि पैसा कोणत्या लेखाशीर्षातून. खर्च लागणारं विधेयक असेल तर वित्तीय ज्ञापन सोबत येतंच. योजना शासन निर्णयाने आली असेल तर ते येत नाही, म्हणून मागावं लागतं. पहिल्यांदा मिळणार नाही. दुसऱ्या अधिवेशनात पुन्हा मागा, लेखी.